केसाळ की बडबडी?

मुलांनो,

दोन महिन्यांपूर्वी मधल्या सुट्टीत आमच्या चौथीच्या वर्गात चक्क निवडणूक झाली. उमेदवार दोन. दोघींनाही चार पाय, दोन कान आणि एक शेपूट!

झालं काय, की आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या मामाचा फोन आला. (तिने ‘बाई, माझं नाव छापू नका हं’ असं बजावलंय. म्हणून आपण तिला मनीवाली म्हणू.) मामाच्या शेजाऱ्यांकडे दोन मांजरी आहेत. एक पर्शियन आणि एक सयामी. दोघींनाही पिल्लं झाली होती. त्यातलं एक पिल्लू भाचीला द्यायला शेजारी तयार होते. पण एकच! आणि कोणतं हवं ते पंधरा दिवसांत सांगायचं होतं.

मनीवालीने दोन्ही मांजरींचे फोटो वर्गात आणले. पर्शियन मांजर म्हणजे जणू कापसाचा गोळा. गोल चेहरा, चपटं नाक, मोठे गोल डोळे आणि अंगभर लांब, मऊ केस. सयामी अगदी उलट. बारीक, लांबट अंग, त्रिकोणी तोंड, मोठे कान, निळेशार डोळे. अंगाचा रंग सायीसारखा, पण तोंड, कान, पाय आणि शेपूट मात्र काळपट. ‘ही चुलीत तोंड घालून आलीय,’ असं कुणीतरी म्हणालं आणि सगळा वर्ग खो-खो हसला.

मग हात वर करून मतदान झालं. पर्शियनला सव्वीस मतं, सयामीला सात. मनीवालीचं मतही पर्शियनलाच होतं. तिने तर नावसुद्धा ठरवून टाकलं होतं.

“बाई, तुमचं मत कुणाला?” तिने विचारलं.

मी म्हटलं, “मी मत देणार नाही. पण तुम्हांला एक गोष्ट सांगते. ती ऐका आणि मग परत मतदान करा.”

तीच गोष्ट आज तुम्हांलाही सांगते. सांगताना थोडी लाज वाटते, पण सांगायला हवी.

कापशीची गोष्ट

सहा वर्षांपूर्वी आम्ही घरी पर्शियन मांजर आणली. पांढरीशुभ्र. नाव ठेवलं कापशी. का आणली? तर दिसायला सुंदर म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. मी शाळेत, घरातली बाकीची मंडळी कामावर. पण कापशी शांत होती. दिवसभर एका कोपऱ्यात पडून असायची. आम्हांला वाटलं, किती गुणी मांजर!

पहिले दोन महिने मी तिला रोज विंचरलं. मग परीक्षा आल्या, पेपर तपासणी आली, निकालपत्रकं आली. ‘आज राहू दे, उद्या विंचरू’ असं सुरू झालं. वरून हात फिरवला की केस छान मऊच लागायचे. त्यामुळे काही बिघडतंय असं वाटलंच नाही.

एप्रिलमध्ये एकदा मी तिला उचलायला गेले, तर ती कळवळून ओरडली. पाहते तर काय, तिच्या काखेत आणि पोटाखाली केसांच्या घट्ट जटा झालेल्या. ती पाय हलवायची तेव्हा त्या जटा कातडी ओढायच्या. म्हणजे आम्ही जिला ‘गुणी, शांत’ म्हणत होतो, ती दुखतंय म्हणून हलत नव्हती!

प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. भूल देऊन तिचे केस काढावे लागले. खाली कातडी लालभडक आणि दोन ठिकाणी जखमा. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “बाई, मांजर सांगत नाही. आपण बघायचं असतं.”

मुलांनो, ते वाक्य मी विसरलेले नाही. शेवटी माझी नणंद म्हणाली, “वहिनी, कापशीला माझ्याकडे द्या.” ती घरीच शिवणकाम करते. रोज दुपारी मशीन बंद केलं की कापशीला मांडीवर घेऊन विंचरते. कापशी आता तिथे मजेत आहे. मी भेटायला गेले की माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. बरोबरच आहे तिचं!

गोष्ट संपली तेव्हा वर्ग गप्प झाला होता. मग मागच्या बाकावरून आवाज आला, “म्हणजे पर्शियन वाईट आणि सयामी चांगली, असंच ना बाई?”

तसं मुळीच नाही. कापशी वाईट नव्हती. आमचं घर तिच्यासाठी योग्य नव्हतं. सयामी आणली असती तर कदाचित वेगळ्या प्रकारे तिचे हाल केले असते. म्हणून आम्ही फळा पुसला, मधोमध रेघ मारली आणि दोन्ही मांजरींची नीट ओळख करून घेतली.

केसाळ बाईसाहेब

पर्शिया म्हणजे आजचा इराण. पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी होता. फिरत फिरत तो १६२३ साली आपल्याकडे सुरत आणि गोव्यालाही आला होता. त्याआधी तो पर्शियात होता आणि तिथल्या लांब केसांच्या मांजरींबद्दल त्याने १६२० च्या सुमारास लिहून ठेवलं आहे. अशा मांजरी युरोपात गेल्या आणि तिथे त्यांना मोठा भाव आला. पुढे तिथल्याच मांजरींशी त्यांचा संकर होत गेला. गंमत म्हणजे आजच्या पर्शियन मांजरींचे जनुक शास्त्रज्ञांनी तपासले, तेव्हा त्या पश्चिम आशियातल्या मांजरींपेक्षा युरोपातल्या मांजरींच्या जास्त जवळच्या निघाल्या. नाव एकीकडचं आणि नातेवाईक दुसरीकडचे!

माणसांना गोल, बाहुलीसारखा चेहरा आवडतो. म्हणून चपट्या तोंडाच्या मांजरी निवडून निवडून त्यांची पैदास केली गेली. नाक आत गेलं, पण त्याबरोबर आणखीही काही बदललं. डोळ्यांतलं पाणी नाकात उतरण्याची बारीक नळी वाकडी झाली. त्यामुळे पाणी गालांवरून ओघळतं आणि तपकिरी डाग पडतात. म्हणून डोळ्यांखालची जागा रोज ओल्या, मऊ कापडाने पुसावी लागते. नाकाची वाट अरुंद, त्यामुळे काहींना श्वास घ्यायला त्रास होतो. आणि उन्हाळ्यात तर फारच जड जातं. अंगावर लोकरीचा कोट आणि नाक अर्धं बंद, असे आपण मे महिन्यात बसलो तर कसं वाटेल, विचार करा!

केस रोज विंचरायचे. दहा-पंधरा मिनिटं. विरळ दातांची धातूची फणी घ्यायची. केसांच्या टोकापासून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे जायचं. काखा, पोट आणि कानामागचा भाग विसरायचा नाही, कारण जटा तिथेच होतात. आणि जट झाली तर घरी कात्रीने कापायची नाही बरं का! मांजरीची कातडी अगदी पातळ असते. जटेबरोबर ती वर ओढली जाते आणि कात्री नेमकी तिलाच लागते.

आता चांगली बाजू. पर्शियन मांजर बहुधा शांत असते. तिला उंच उड्या मारायची, पडद्यावर चढायची फार हौस नसते. आवाज हळू. जास्त गडबड-गोंधळ तिला आवडत नाही. आपल्या माणसाजवळ नुसतं बसून राहायला मात्र आवडतं. शांत घराला ती छान शोभते.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. पर्शियन मांजरींत किडनीचा एक आनुवंशिक आजार आढळतो. किडनीत पाण्याचे छोटे छोटे फोड होतात आणि ते हळूहळू वाढत जातात. या आजाराला जबाबदार असलेला जनुकातला दोष २००४ साली सापडला. आता त्याची तपासणी करता येते. म्हणून पिल्लू घेण्याआधी ‘याच्या आईवडिलांची किडनीची तपासणी झाली आहे का?’ असं विचारायला लाजू नका.

बडबड्या बाईसाहेब

सयाम म्हणजे आजचा थायलंड. देशाचं नाव १९३९ साली बदललं, पण मांजरीचं नाव तेच राहिलं. थायलंडमधल्या जुन्या सचित्र पोथ्यांमध्ये अशा मांजरींची चित्रं आहेत. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरींचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे पर्शियन आणि सयामी, दोघीही हजर होत्या. १८७९ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी ल्यूसी हेज यांना बँकॉकहून एक सयामी मांजर भेट म्हणून आली. तिचं नावच ‘सयाम’ ठेवलं होतं.

आता त्या ‘चुलीत घातलेल्या’ तोंडाचं गुपित. सयामीची पिल्लं जन्मतात तेव्हा जवळजवळ पांढरी असतात! त्यांच्या शरीरात केसांना काळा रंग देणारं एक रसायन असतं, पण ते उबेत नीट काम करत नाही. थोडा गारवा मिळाला तरच कामाला लागतं. आईच्या पोटात सगळीकडे ऊब, म्हणून पिल्लू पांढरं. जन्मल्यावर कान, नाकाचा भाग, पंजे आणि शेपूट हे अवयव बाकीच्या शरीरापेक्षा थोडे गार राहतात. म्हणून तिथले केस हळूहळू गडद होतात. एखाद्या सयामीच्या पाठीवरचे केस ऑपरेशनसाठी काढले, तर तिथे नवे केस काही काळ गडद येऊ शकतात, कारण उघडी पडलेली कातडी गार झालेली असते. म्हणजे सयामी मांजर अंगावर गार-गरम भागांचा नकाशाच घेऊन फिरते!

हिचे केस आखूड आणि अंगाला चिकटून. आठवड्यातून एकदा फणी फिरवली की पुरे. उन्हाळा तिला पर्शियनपेक्षा सोसतो. म्हणून ही सोपी, असं वाटतं ना? थांबा.

सयामीला केसांची निगा नको असते, पण माणूस हवा असतो. तुम्ही स्वयंपाकघरात गेलात की ती मागे. अभ्यासाला बसलात की वहीवर. आणि तोंड सतत चालू! तिचं ओरडणं मोठं आणि खरखरीत असतं. नवख्या माणसाला वाटतं, बाळच रडतंय. तुम्ही काही बोललात की ती उत्तर देते. तिला उंच चढायला आवडतं. कपाटावर, पंख्याजवळच्या माळ्यावर, कुठेही. हुशार असल्याने लोटलेलं दार पंजाने उघडायलाही ती शिकते.

अशी मांजर रोज आठ-नऊ तास बंद घरात एकटी ठेवली तर ती झुरते. काही मांजरी स्वतःचं अंग चाटून चाटून केस घालवतात. काही लोकरीचे कपडे चघळतात, गिळतातसुद्धा. आणि गिळलेलं कापड आतड्यात अडकलं तर जिवावर बेततं. म्हणजे हिला रोज फणीची पंधरा मिनिटं नकोत, पण खेळाची पंधरा-वीस मिनिटं दोन वेळा हवीत. आणि दिवसभर घरात कुणाचा तरी वावर हवा.

आता बघा. एकीला हात हवेत, दुसरीला सोबत हवी. फुकटात कुणीच राहत नाही!

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ‘पर्शियन शांत, सयामी बडबडी’ हा झाला अंदाज. प्रत्येक मांजर निराळी असते. एकाच आईबापांची भावंडं तरी कुठे सारखी असतात? शिवाय दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लाला माणसांचा प्रेमाचा हात लागला असेल, तर ते माणसाळलेलं होतं. म्हणून जातीवरून अंदाज बांधायचा, पण पिल्लू आणि त्याची आई प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ठरवायचं नाही.

घराची वही

फळा भरला. मनीवाली म्हणाली, “बाई, मांजरींचं कळलं. पण मी कोणती घेऊ?”

मी म्हटलं, “मांजरींची माहिती झाली. आता तुझ्या घराची माहिती गोळा कर. आठ दिवस एक वही कर आणि त्यात खरं खरं लिही.” आम्ही सगळ्यांनी मिळून चार प्रश्न ठरवले:

१. घरात कोण किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत असतं?
२. दुपारी दोन वाजता घर किती तापतं?
३. रोजची पंधरा मिनिटं नक्की कोण देणार? ती व्यक्ती आजारी पडली तर कोण?
४. घरात आवाज आणि उड्या चालतील का? कुणाला त्रास होईल का?

तिसऱ्या प्रश्नासाठी एका मुलाने नामी युक्ती सुचवली. मांजर नाही तर नाही, रोज पंधरा मिनिटं दुसऱ्या कुणाचे तरी केस विंचरून बघायचे! मनीवालीने आजीचे केस निवडले.

आठ दिवसांनी वही आली. तुम्हांला थोडक्यात सांगते.

घराला वर पत्रा आहे. दुपारी भिंतीला हात लावला तर गरम लागतो. वीज गेली की पंखाही बंद. आई दुकानात कामाला जाते, ती रात्री आठला येते. बाबा टेम्पो चालवतात. मनीवाली साडेदहा ते पाच शाळेत. आजी मात्र दिवसभर घरी, एकटीच. आजीला बोलायला फार आवडतं. बोलायला कुणी नसतं म्हणून ती दिवसभर रेडिओ लावून ठेवते. आजीची बोटं आखडलेली आहेत. तिला फणी नीट धरता येत नाही.

आणि सर्वांत शेवटी लिहिलं होतं: ‘आजीचे केस विंचरले – आठपैकी पाच दिवस. तीन दिवस राहून गेलं.’ ‘तीन’ या शब्दाखाली तिने स्वतःच लाल रेघ मारली होती.

वही माझ्या टेबलावर ठेवून ती उभी राहिली. डोळे भरलेले. “बाई, मला पर्शियनच आवडते. पण वही नाही म्हणते.”

मी काय बोलणार? एवढी प्रामाणिक वही मी सहा वर्षांपूर्वी केली असती, तर कापशीला भूल द्यायची वेळ आली नसती. मी तिला म्हटलं, “तुला ती आवडते हे काही खोटं नाही. पण तू तिला आवडशील का, हेही बघायचं असतं. ते तू बघितलंस. शाबास!”

ती लगेच हसली वगैरे नाही हं. दोन दिवस रुसलेलीच होती. पण रविवारी मामाकडे गेली, सयामीची पिल्लं बघून आली आणि सोमवारी म्हणाली, “एक पिल्लू माझ्या वेणीवर चढलं.” तेव्हा मला कळलं, की ठरलं!

पिल्लं तेव्हा सहाच आठवड्यांची होती. मामाला वाटलं, आताच देऊन टाकावं. मनीवालीने सांगितलं, “नाही मामा, आणखी सहा आठवडे थांब.” कारण आईजवळ आणि भावंडांजवळ राहूनच पिल्लू शिकतं. चावा किती जोरात घ्यायचा, नखं कधी आत घ्यायची, हे सगळं भावंडांशी मस्ती करताना कळतं. बारा आठवड्यांपर्यंत थांबलं तर उत्तम.

गेल्या आठवड्यात पिल्लू घरी आलं. आजीने पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाली, “अगं बाई! हिचं तोंड कुणी काळं केलं?” त्यावर पिल्लू जोरात ओरडलं. आजी म्हणाली, “उलट बोलते का गं?” ते पुन्हा ओरडलं. तेव्हापासून दोघींच्या गप्पा चालू आहेत. रेडिओ बंद असतो म्हणे!

सगळंच गोड आहे असं समजू नका. पिल्लू पहाटे पाचला ओरडून सगळ्यांना उठवतं आणि बाबा वैतागतात. झोपायच्या आधी त्याच्याशी भरपूर खेळायचं आणि मग खायला द्यायचं, असा उपाय आता सुरू केलाय. बघू या काय होतं ते.

आणि पर्शियन पिल्लं?

आमच्या वर्गात दुसऱ्या बाकावर एक मुलगा बसतो. त्यानेही गंमत म्हणून वही केली होती. त्याचं घर जुनं, दगडी भिंतींचं, दुपारीही गार. वडिलांची रात्रपाळी, म्हणून दिवसा घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. आजोबा निवृत्त आणि शिस्तीचे. रोज चारला चहा म्हणजे चारलाच! त्या घरात सयामी गेली असती तर वडिलांची झोप उडाली असती. पण पर्शियन? चारच्या चहाआधी आजोबा फणी घेऊन बसतील, अगदी घड्याळ लावून. किडनीच्या तपासणीबद्दल आजोबांनी मामाच्या शेजाऱ्यांना पत्र लिहिलंय. उत्तर आलं की ते ठरवतील.

बघितलंत? मांजरी त्याच. एका घराला एक जमली, दुसऱ्या घराला दुसरी.

आणि समजा तुमची वही दोघींनाही ‘नाही’ म्हणाली तर? तर हिरमुसू नका. घरात हात आहेत पण सोबत नाही, किंवा दोन्हीही नाही, तर आता मांजर नको हेही बरोबर उत्तर आहे. आणि तुमच्या गल्लीतली आपली साधी मांजर विसरू नका. तिचं नाक सरळ, केस आखूड, हवा आपल्याच ओळखीची. ती काही तिसऱ्या नंबरची नव्हे! फक्त तिच्यासाठीही वही करायची.

दोघींसाठी सारखंच

जात कोणतीही असो, या गोष्टी पाळायच्याच:

– मांजर शाकाहारी होऊ शकत नाही. तिच्या डोळ्यांना आणि हृदयाला लागणारं टॉरिन नावाचं द्रव्य तिला मांस-मासळीतूनच मिळतं. दूध-पोळीवर ती जगेल असं समजू नका. बऱ्याच मोठ्या मांजरींना दूध पचतही नाही. पाणी मात्र कायम भरलेलं हवं.

– कांदा, लसूण घातलेलं खाणं द्यायचं नाही. माणसांच्या तापाची पॅरासिटॅमॉलची गोळी तर कधीच नाही. एक गोळीसुद्धा तिचा जीव घेऊ शकते. औषध फक्त प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं.

– लसी वेळेवर द्यायच्या. रेबीजची लससुद्धा. आणि मांजरीने ओरबाडलं किंवा ती चावली, तर लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं. मग मोठ्यांना सांगून दवाखान्यात जायचं. लपवायचं नाही!

– पिल्लं न होण्याचं ऑपरेशन पाच-सहा महिन्यांच्या सुमारास करून घ्यावं. नको असलेली पिल्लं पोत्यात घालून सोडून देण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

– वरच्या मजल्यावर राहत असाल तर खिडकीला आणि गॅलरीला जाळी हवी. मांजर उंचावरून पडली तरी तिला काही होत नाही, हा गैरसमज आहे.

– उन्हाळ्यात मांजर तोंड उघडून कुत्र्यासारखी धापा टाकू लागली, तर तो धोका समजा. तिला गार जागी न्या, पाणी द्या, अंगाला ओलं फडकं लावा आणि लगेच डॉक्टर गाठा.

– घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आखूड केसांच्या मांजरीने त्रास होत नाही, असं लोक म्हणतात. ते खरं नाही. त्रास केसांमुळे होत नाही. मांजरीच्या लाळेत आणि कातडीत एक पदार्थ असतो, त्यामुळे होतो. तो दोघींकडेही असतो.

आणि शेवटचं. मांजर बारा-पंधरा वर्षं जगते, कधी त्याहून जास्त. मनीवाली आज चौथीत आहे. तिचं पिल्लू म्हातारं होईल तेव्हा ती स्वतः कदाचित नोकरीला लागलेली असेल. म्हणजे पिल्लू घेणं हे सुट्टीपुरतं खेळणं आणणं नव्हे. आपल्या अख्ख्या शाळा-कॉलेजभर पुरेल असं ते वचन आहे.

या आठवड्याचा उद्योग

तुमच्या घरात मांजर येणार असो की नसो, आठ दिवसांची ‘घराची वही’ करून बघा. वर दिलेले चार प्रश्न घ्या. रोज पंधरा मिनिटांचं एक काम निवडा – झाडांना पाणी, आजोबांचे पाय चेपणं, काहीही – आणि किती दिवस झालं, किती दिवस राहून गेलं, ते खरं खरं लिहा. राहून गेलेले दिवस लपवू नका. सगळ्यांत जास्त शिकवतात ते तेच दिवस! शेवटी एका ओळीत लिहा: ‘माझ्या घराला कोणती मांजर आवडेल, आणि कोणत्या मांजरीला माझं घर आवडेल?’

आपलं उत्तर पत्राने जरूर कळवा. मी वाट बघते.

तुमच्या
बाई